परिक्रमेची वाट आणि वाटेचे ऋण
(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवातील व्याख्यान)



सज्जनहो, ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाचे एक आख्यान आले आहे. हरिश्चंद्र राजाला वरुणाच्या कृपेने रोहित नावाचा पुत्र झाला. परंतु तोच पुत्र यज्ञात अर्पण करण्याचे वचन राजाने वरुणाला दिले होते. रोहित जाणता झाला, त्याच्या कानी ही गोष्ट आली, आणि धनुष्य घेऊन तो अरण्यात निघून गेला. इकडे वरुणाच्या कोपाने राजाला जलोदर झाला. ते ऐकून पित्याच्या ओढीने रोहित गावाकडे वळे, आणि प्रत्येक वेळी इंद्र मनुष्यरूपाने वाटेत भेटून त्याला सांगे की, थांबू नकोस, चालत राहा. अशी वर्षांमागून वर्षे रोहित चालत राहिला.

पदयात्रेचा महिमा वर्णन करताना आख्यानाचा एवढाच भाग सांगण्याची प्रथा आहे. रोहिताच्या त्या चालण्याचा शेवट कसा झाला, हे सहसा कोणी सांगत नाही. तो शेवट येथे सांगावयाचा आहे. परंतु तो अखेरीस. तत्पूर्वी ज्या एका वाटेने चालण्याला या देशात शतकानुशतके साधनेचे स्थान मिळाले आहे, त्या नर्मदा-परिक्रमेचा विचार करणे अवश्य आहे.

नर्मदेशी श्रीमठाच्या परंपरेचे नाते जुने आहे. आद्य शंकराचार्यांना त्यांचे गुरू गोविंद भगवत्पाद नर्मदातीरी भेटले अशी परंपरा आहे, आणि ओंकारेश्वर येथे त्यांची म्हणून एक गुहा आजही दाखविली जाते. केरळातील एक बालक गुरूच्या शोधार्थ इतक्या दूर चालत आला, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. अलीकडच्या काळात पाहिले तर श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबेस्वामी, यांचा जन्म १८५४ साली गोव्यापासून फार दूर नसलेल्या माणगावी झाला, आणि १९१४ साली त्यांनी देह ठेविला तो नर्मदाकाठच्या गरुडेश्वरी. त्यांचा भारतभ्रमणाचा प्रवास पायीच झाला. कोकणच्या मातीतून निघालेली पावले नर्मदेच्या वाळूत विसावली, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

नर्मदा अमरकंटकाच्या पठारावर उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटरचा प्रवास करून भडोचच्या पुढे खंबातच्या आखातास मिळते. उत्तरेस विंध्य आणि दक्षिणेस सातपुडा, यांच्या मधल्या खचदरीतून ती पश्चिमेकडे वाहते. परिक्रमा म्हणजे या संपूर्ण नदीला प्रदक्षिणा. दोन्ही तीर मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे मानले जाते. चातुर्मासात चालणे थांबवून एके ठिकाणी वास्तव्य करावयाचे असते. मार्कंडेय ऋषींनी ही परिक्रमा प्रथम केली, अशी श्रद्धा आहे. गंगा-यमुनांची क्षेत्रे पुष्कळ. परंतु उगमापासून संगमापर्यंत अखंड नदीलाच देवता मानून तिच्याभोवती फिरण्याचा इतका जिवंत आचार दुसऱ्या कोणत्याही नदीच्या वाट्यास आलेला नाही.

या आचाराचे नियम थोडे आहेत. पण ते कठोर आहेत. नदी सदैव उजव्या हातास असावी. तिचा प्रवाह कोठेही ओलांडू नये. सामान आपले आपण वाहावे, संग्रह करू नये, जे मिळेल त्यावर निर्वाह करावा. लहानशा कुपीत नर्मदेचे जल बरोबर बाळगावे आणि सकाळ-संध्याकाळ त्याची पूजा करावी. दक्षिण तीराने निघालेला यात्रिक पश्चिमेकडे चालत समुद्रापर्यंत जातो; तेथे नदी नदी राहत नाही, म्हणून नावेने उत्तर तीरास लागतो; मग पूर्वेकडे वळून अमरकंटकापर्यंत येतो आणि उगमाला वळसा घालून पुन्हा निघाल्या ठिकाणी पोचतो.

यांपैकी न ओलांडण्याचा नियम विशेष विचार करण्याजोगा आहे. पुष्कळ जण ओंकारेश्वरी संकल्प सोडून परिक्रमेस निघतात. तेथील ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, आणि बेटावर जावयाचे तर नर्मदेचा एक प्रवाह ओलांडावा लागतो. म्हणून संकल्प सोडलेल्या यात्रिकास परिक्रमा पूर्ण होईपर्यंत बेटावर पाऊल ठेवता येत नाही. मंदिराचे शिखर समोर दिसत असते, घंटेचा नाद ऐकू येत असतो, नाव काठाशी उभी असते. आणि तरीही यात्रिकाने तीरावरूनच हात जोडून वळावयाचे असते. हजारो किलोमीटर चालून आल्यावर, कुपीतील जल अर्पण करण्याच्या दिवशीच, ते दर्शन घडावयाचे. साधनेचे मर्म येथे एका नियमात सामावलेले आहे. जे हाताशी आहे ते सहज घेता येते म्हणून घ्यावयाचे नाही. प्रवाह मध्ये आहे याचा मान राखावयाचा. वेदान्तात ज्याला उपरती म्हणतात, तिचा हा पायांनी गिरविलेला धडा होय.

नदी उजव्या हातास ठेवण्याचा अर्थही असाच आहे. प्रदक्षिणा करणारा मध्यभागी नसतो. मध्यभागी देवता असते. गाभाऱ्याभोवती पाच-दहा पावलांची प्रदक्षिणा घालताना हे ध्यानात येण्यापूर्वीच ती संपते. येथे मात्र महिनोन्महिने केंद्र दुसरीकडे असते. डोंगरामुळे वाट आत वळते, चार-चार दिवस पाणी दृष्टीस पडत नाही. तरीही नदी उजवीकडेच आहे, ही जाणीव सुटत नाही. दिसत नसलेल्या वस्तूच्या अनुसंधानाने पाऊल टाकणे, यालाच पुढे निदिध्यास हे नाव मिळते.

आणि ही भूमी तरी किती प्राचीन! भेडाघाटी संगमरवराच्या उंच कड्यांमधून नदीने आपली वाट कोरली आहे. १९८२ साली मध्य प्रदेशातील हथनोरा या गावाजवळ, नर्मदेच्या उत्तर तीरावर, भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना अतिप्राचीन मानवाच्या कवटीचा अवशेष सापडला. भारतात मिळालेल्या अशा अवशेषांत त्याचे स्थान फार महत्त्वाचे मानले जाते. म्हणजे मंत्र, मठ, राज्ये, किंबहुना शेतीदेखील नव्हती, तेव्हाही कोणी माणूस या पाण्याशी ओणवा होऊन ओंजळ भरीत होता. महेश्वरी अहिल्याबाई होळकरांच्या घाटावर बसलेल्या यात्रिकास दोन-अडीचशे वर्षे म्हणजे पुष्कळ वाटतात. हथनोऱ्याच्या वाळूत त्याच दोन-अडीचशे वर्षांचा कण होतो. आपल्या दुःखाचा आणि आपल्या पुण्याचाही आकार अशा ठिकाणी आपोआप लहान होतो. उपदेशाने जे साधत नाही ते भूमीच्या वयाने साधते.

परिक्रमा एकट्याने करावी की समूहाने, हा प्रश्न जुना आहे. साधूंचे मोठे समूह महंतांच्या मागोमाग चालत. त्यांना जमात म्हणत. एकाकी चालणारे विरक्तही होते व आहेत. हल्ली दहा-वीस गृहस्थाश्रमी मंडळी मिळून निघतात. आणि चैत्रात तिलकवाडा-रामपुरा परिसरात, जेथे नर्मदा उत्तरवाहिनी होते, तेथील छोट्या परिक्रमेस तर महाराष्ट्रातूनही मोठे समुदाय जातात. समूह म्हटला की गप्पा, गोंगाट, चिंतनास व्यत्यय, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु समूहाचे एक कार्य एकांताने होत नाही.

एकट्या चालणाऱ्यास स्वतःचा राग दिसत नाही, कारण रागवावयाला कोणी नसते. समूहात पहिल्या आठवड्यातच सर्व उघडे पडते. कोणाच्या पायास फोड येतात आणि सर्वांची गती मंदावते. पुढे पोचलेल्यास सावलीची जागा मिळते, मागून येणाऱ्यास उन्हातली. खिचडी वाढताना कोणाच्या पानाकडे कोणाची दृष्टी जाते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. घरी ज्याला वैराग्य वाटत होते ती केवळ सोय होती, याचा प्रत्यय धर्मशाळेच्या एका कांबळ्यावरून येतो. आणि याच समूहात कोणी न बोलता दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे आपल्या खांद्यावर घेतो. सर्वांत हळू चालणारा जो, त्याच्या गतीने सर्वांनी चालणे, हा समूहाचा एकमेव खरा नियम होय. तो पाळला तर समूह सत्संग होतो. न पाळला तर ती सहल उरते. सकाळचा पहिला प्रहर मौनाने चालावा आणि रात्री आरतीनंतर दिवसाची उजळणी करावी, असा क्रम ज्या मंडळींनी ठेवला, त्यांना समूहात राहूनही एकांत लाभतो.

परंतु सज्जनहो, या समूहात आणखी एक घटक आहे आणि तो चालत नाही. तो तीरावर राहतो. परिक्रमेचा सगळा भार वस्तुतः त्याच्यावर आहे. ज्याने संग्रह करावयाचा नाही, त्याच्या पोटाची चिंता दुसऱ्या कोणी तरी केलीच पाहिजे. ‘नर्मदे हर’ अशी हाक दारी आली की तीरावरचा गृहस्थ पीठ, डाळ, मीठ काढून देतो. याला सदाव्रत म्हणतात. ज्याच्या घरी दोन वेळचे पुरेसे नाही तोही ओसरी झाडून देतो. यात्रिकाच्या तपाची वर्णने पुष्कळ झाली, गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने मराठी वाचकास ती वाट ओळखीची केली. तथापि ज्या चुलींवर ते तप शिजले, त्या चुलींचा इतिहास लिहिला गेला नाही.

शूलपाणीच्या झाडीचा उल्लेख येथे केला पाहिजे. पूर्वी त्या अरण्यात भिल्ल मंडळी यात्रिकांना लुटीत आणि लंगोटीवर सोडीत, अशा कथा प्रसिद्ध आहेत. यात्रिक त्यांना ‘मामा’ म्हणत. नर्मदा ही मैया, तेव्हा तिच्या अंगाखांद्यावर राहणारे ते मामा. या संबोधनात विनोद आहे. पण त्याहून अधिक शहाणपण आहे. ज्याने हिरावून घेतले त्याला नात्यात घेतल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नाही. आणि हेही ध्यानात यावे की, ज्याच्यापाशी आधीच काही नव्हते तो ज्याच्यापाशी थोडे आहे त्याच्याकडून घेत होता. आज त्याच डोंगरांत यात्रिकाला भाकरी मिळते, निवारा मिळतो.

परंतु ते डोंगर आज अर्धे पाण्यात आहेत. १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते ज्या धरणाची कोनशिला बसली, ते सरदार सरोवर धरण २०१७ साली राष्ट्रास अर्पण झाले आणि २०१९ साली १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याच्या वर ओंकारेश्वर, इंदिरा सागर, बरगी अशी धरणांची मालिका उभी आहे. इंदिरा सागराचा जलाशय सुमारे ९०० चौरस किलोमीटरांवर पसरतो. त्याच्यासाठी २००४ साली हरसूद हे नांदते शहर रिकामे झाले. २०१९ च्या पावसाळ्यात निसरपूरची घरे बुडाली. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा तीर मुळातच थोडा, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांपुरता. तेथील तेहतीस गावे बुडित क्षेत्रात आली, आणि त्यांतले पहिले नाव मणिबेलीचे. तेथील प्राचीन शूलपाणेश्वराचे मंदिर पाण्याखाली गेले. देवाची स्थापना गुजरातेत गोरा येथे नव्या मंदिरात झाली.

या धरणांनी काहीच दिले नाही असे म्हणणे असत्य होईल. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या गावांना, राजस्थानच्या कोरड्या भागाला त्यांचे पाणी पोचले आहे. इंदूर नगरी नर्मदेपासून दूर पठारावर वसलेली. पण गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या नळांना नर्मदेचेच पाणी येते, आणि त्या अर्थाने तेथील प्रत्येक मराठी घर आज नर्मदातीरीच आहे. लाभ खरा आहे. तसाच त्याग खरा आहे. फरक इतकाच की लाभ एकाला झाला आणि त्याग दुसऱ्याला करावा लागला; आणि त्या त्यागाचा पुरता मोबदला मिळाला किंवा नाही, याचे वाद अनेक वर्षे न्यायालयांत आणि रस्त्यांवर चालले.

परिक्रमेची जुनी वाटही अनेक ठिकाणी बुडाली. बरेच यात्रिक आता शूलपाणीच्या झाडीस वळसा घालून शहादा-प्रकाशा मार्गाने डांबरी सडकेने जातात. म्हणजे नर्मदेची परिक्रमा करणारा एके ठिकाणी तापीच्या काठावर येऊन उभा राहतो. जेथे हाक घातल्यावर पीठ मिळत होते, तेथे आज जलाशयाचे पाणी आहे. सदाव्रत देणारी कुटुंबे पुनर्वसनाच्या वसाहतींत, नदीपासून दूर गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या यात्रिकाला ‘या’ म्हटले, त्यांनाच एके दिवशी ‘जा’ असे ऐकावे लागले.

गोमंतकातील भाविकास ही वेदना समजावून सांगण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. भक्तांनी देव घेऊन नदी ओलांडली ती पुण्यासाठी नव्हे, निरुपायाने. मूळ गाव सुटले, शेते सुटली. मूळ स्थानाचे नाव मात्र साडेचारशे वर्षे कुळांच्या तोंडी राहिले. आणि त्या वेळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या अंत्रुज महालाने त्या देवांना व माणसांना जागा दिली, हेही विसरले गेले नाही. कारणे निराळी, काळ निराळा. अत्याचार आणि योजना यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. परंतु मूर्ती हलविलेल्या गाभाऱ्याची शांतता दोन्हीकडे सारखीच असते. ज्या समाजाचे देवच एकदा विस्थापित झाले, त्या समाजाने तरी शूलपाणेश्वराच्या जलाशयाकडे केवळ रम्य देखावा म्हणून पाहू नये.

आता रोहिताच्या चालण्याचा शेवट. वर्षानुवर्षे अरण्यातून चालल्यावर त्याला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला. त्याला तीन पुत्र होते. रोहिताने शंभर गाई देऊ केल्या आणि स्वतःच्या जागी बळी देण्यासाठी एक पुत्र मागितला. थोरला पित्याने सोडला नाही, धाकटा मातेने सोडला नाही. मधला शुनःशेप विकला गेला. त्याला घेऊन रोहित घरी परतला. ज्या चालण्याचा इतका महिमा, त्याचे फळ हे! पायांखालून अरण्ये गेली. पण वाटेत भेटलेल्या भुकेल्या माणसात रोहिताला माणूस दिसला नाही, स्वतःच्या सुटकेची किंमत दिसली. पुढे यूपाला बांधलेला शुनःशेप देवतांची स्तुती करीत गेला, त्याचे पाश गळून पडले, राजाही रोगमुक्त झाला आणि विश्वामित्राने त्याला पुत्र मानले. मुक्ती चाललेल्याला मिळाली नाही, बांधलेल्याला मिळाली.

ऋषींनी हे आख्यान असे का रचले, याचे उत्तर नर्मदेच्या तीरावर सापडते. चालणे हे साधन आहे, फल नव्हे. चालण्याची परीक्षा अंतरावर नाही. वाटेत जो भेटला त्याच्याशी काय व्यवहार झाला, यावर आहे. परिक्रमा करून आलेल्यास लोक किती दिवस लागले, किती किलोमीटर झाले, असे विचारतात. खरे विचारावयाचे ते हे की, कोणाकोणाचे अन्न खाल्ले आणि त्यांची नावे लक्षात आहेत काय?

म्हणून परिक्रमेस जाणाऱ्या मंडळींनी उजव्या हाताच्या नियमाबरोबर डाव्या हाताचाही एक नियम पाळावा. उजवीकडे नदी असते. डावीकडे गाव असते. ज्या ओसरीवर रात्र काढली त्या घराचे मूळ गाव कोणते, ते आज कोठे आहे, हे विचारावे आणि ऐकावे. गरजेपेक्षा अधिक शिधा घेऊ नये. घाटावर कापड, प्लास्टिक, निर्माल्य टाकून देवतेची पूजा झाली असे मानू नये. वसाहतीत शाळा असेल तर तेथल्या मुलांसाठी मागाहून काही पाठवावे. ते दान नव्हे, परतफेड होय. आणि ज्यांना परिक्रमा शक्य नाही, त्यांनी नळाखाली तांब्या धरताना तरी हे पाणी कोणाच्या शेतावरून आले याचे स्मरण ठेवावे. मठाच्या अन्नछत्रात पंक्तीला बसलेल्याची जात, गाव, ऐपत विचारली जात नाही. त्याच परंपरेची ही दुसरी बाजू. देणाऱ्याने विचारू नये. घेणाऱ्याने मात्र विसरू नये.

वाट बुडाली तरी परिक्रमा थांबलेली नाही. पाणी जेथवर चढले तेथून वर नवी पायवाट पडते. कोणी वसाहतीच्या नव्या अंगणात पुन्हा सदाव्रत मांडतो, आणि ज्याचे स्वतःचे घर गेले तो दुसऱ्याला निवारा देतो. शुनःशेपाचे पाश असेच गळले असतील. त्या अंगणात बसून जो यात्रिक मान खाली घालून भाकरी मोडतो, त्याची परिक्रमा त्या क्षणी पूर्ण होते; ओंकारेश्वराला जल वाहावयाचे तेवढे राहिलेले असते.

नर्मदे हर!